बिनदाराच्या खोलीचा खटला आणि चार पाकिटं

सरकारी नोकरीत काय शिकलात, असं कोणी विचारलं तर मी सांगते, लाख वितळवायला शिकले. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायची, थेंब पाकिटाच्या तोंडावर पडू द्यायचे, क्षणभर थांबायचं आणि मग पितळी शिक्का दाबायचा. घाई केली तर लाख शिक्क्याला चिकटते, उशीर केला तर ठसा उमटत नाही. बाकी कुठल्याही कामात उशीर चालायचा, लाखेच्या कामात मात्र नाही.

मी नगरला एका जिल्हा कार्यालयात आस्थापना शाखेची अधीक्षक होते. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ नगरमध्येच निवृत्त झाली. खात्याचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन अजून चालू आहे. आस्थापना म्हणजे कर्मचाऱ्याची नेमणूक, रजा, बदली, बढती, निवृत्ती, सगळं काही. लोकांना वाटतं, बढती साहेबांच्या मर्जीने मिळते. तसं नसतं. साहेबांच्या मर्जीलाही नियमाचा आधार लागतो आणि तो शोधून देण्यासाठी आम्ही असायचो.

ज्याच्यावर फौजदारी खटला चालू आहे अशा कर्मचाऱ्याचं काय करायचं, यावर सरकारने मोठी सुरेख युक्ती काढलेली आहे. बढती द्यावी तर लोक म्हणणार, आरोपीला बढती दिली. न द्यावी तर उद्या तो निर्दोष सुटला म्हणजे पंचाईत. म्हणून बढतीची समिती बसते तेव्हा इतरांबरोबर त्याचाही विचार करते, तो पात्र की अपात्र हे एका कागदावर लिहिते, कागद पाकिटात घालते, पाकिटावर लाख आणि पाकीट कपाटात. खटल्याचा निकाल लागला की फोडायचं. तोवर आत काय आहे ते कोणी पाहायचं नाही. लाख लावणाऱ्या बाईनेसुद्धा नाही.

माझ्या कपाटात अशी पाकिटं कायम असायची, आणि त्यातली बहुतेक साध्या माणसांची. बांधावरची हाणामारी, भावजयीची फिर्याद, मोर्चात पुढे उभं राहिल्याचा गुन्हा. टेबलाखालून घेताना सापडलेल्यांची पाकिटं फार थोडी. कारण पाकीट लागतं ते दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, आणि त्यांच्यावर खटला भरायची परवानगीच वरच्या कार्यालयांतून अशी डुलत डुलत यायची की तोवर ते दोन पायऱ्या चढून परवानगी देणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसलेले असायचे.

शनिशिंगणापूरला आमचं एक उपकार्यालय होतं. भाड्याच्या घरात दोन खोल्या, एक लिपिक आणि एक शिपाई. गावाच्या रिवाजाप्रमाणे घराला चौकट होती, दार नव्हतं. कागदपत्रं कुलपात ठेवावीत, असं पत्र नगरहून दरवर्षी जायचं. एका कर्तव्यदक्ष साहेबांनी तर सरकारी कुलूपच पाठवलं. ते तिथे पेपरवेट म्हणून बरीच वर्षं उपयोगी पडलं.

लिपिक होते शेटे भाऊसाहेब. गोरे, हसरे, बोलायला गोड. त्यांच्या पत्नीचं देवळाच्या वाटेवर पूजेच्या ताटांचं आणि तेलाचं दुकान होतं. शनिवारी आणि अमावस्येला भाऊसाहेब कार्यालयात सापडायचे नाहीत, हे गावातल्या सर्वांना माहीत होतं. नगरलाही माहीत होतं, पण आमच्याकडे ते लेखी आलेलं नव्हतं.

शिपाई होत्या अलका खंडागळे. नवरा आमच्याच खात्यात ड्रायव्हर होता. तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर त्यांना नोकरी मिळाली तेव्हा त्या दहावी पास होत्या. केर काढून, पाणी भरून, चहा देऊन त्यांनी बारावी केली आणि पन्नाशीला आल्यावर टायपिंगची परीक्षा दिली. शिपायांमधून लिपिक करायच्या काही जागा असतात, त्या यादीत त्यांचं नाव वर आलं होतं. कधी नगरला आल्या की विचारायच्या, "मॅडम, माजं टेबल कवा?" मी म्हणायचे, "येईल हो." हे वाक्य आस्थापना शाखेत फुकट मिळतं.

एका शनिअमावस्येला बबनराव नावाचे वजनदार बागायतदार दाखला न्यायला आले. शेटे दुकानात. अलकाबाई म्हणाल्या, साहेब न्हाईत, बसा. बबनराव बसणाऱ्यांतले नव्हते. ते सरळ आतल्या खोलीत शिरले, रजिस्टरं उपसू लागले आणि एक रजिस्टर काखेत मारून निघाले. अलकाबाई हातात झाडू घेऊन चौकटीत उभ्या राहिल्या. "रजिस्टर खाली ठिवा, मग जावा," म्हणाल्या. कोणीतरी दुकानात निरोप दिला. शेटे धावत आले, आवाज चढले, थोडी ढकलाढकली झाली. रजिस्टर वाचलं. बबनराव सुटले ते थेट पोलिसांत गेले आणि लिपिक व शिपाई यांनी आपल्याला अर्धा तास खोलीत कोंडून शिवीगाळ केली, अशी फिर्याद दिली.

पोलीस आले, पंचनामा झाला. त्याची प्रत पुढे माझ्या फायलीत आली. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: "सदर खोलीस दरवाजा नाही, निळ्या रंगाचा पडदा आहे." तरीही कोंडल्याचं कलम लागलं. बबनरावांचं वजन पडद्यापेक्षा जास्त होतं. दोषारोपपत्र तर इतक्या तत्परतेने कोर्टात गेलं की आमच्या लाच घेणाऱ्या मंडळींनी पाहिलं असतं तर त्यांना हेवा वाटला असता.

पुढच्याच वर्षी समिती बसली. त्या यादीत शेटे होते, वरिष्ठ लिपिक व्हायला. आणि अलकाबाई होत्या, लिपिक व्हायला. दोघांचीही पाकिटं झाली. लाख मीच लावली. सरकारी रजिस्टर वाचवल्याबद्दल बाईंची बढती सरकारने पाकिटात घातली, हे तेव्हा मला दिसत होतं. पण नियम म्हणजे नियम, असं मी स्वतःला सांगितलं. पगार त्याचाच होता.

शेट्यांनी मात्र सर्वांचं मन जिंकलं. "वकील मी लावतो, दोघांचा एकच," ते अलकाबाईंना म्हणाले. "तुम्ही विधवा बाई, कुठं वकील शोधत फिरता?" हे आमच्या कार्यालयात कळलं तेव्हा मी चारचौघांत म्हणाले, "असा सहकारी मिळायला भाग्य लागतं." हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे. माझ्या पारखी नजरेबद्दल निरोप समारंभात पुष्कळ बोललं गेलं, म्हणून.

दर वर्षी समिती बसायची, दोघांची नवी पाकिटं व्हायची. नियमाला एक खिडकी ठेवलेली असते. दोन वर्षं उलटूनही खटला संपला नाही, तर तात्पुरती बढती देण्याचा विचार करता येतो. अट एवढीच की, विलंबाला तो कर्मचारी जबाबदार नसावा. अलकाबाईंनी अर्ज केला. शेट्यांनी केला नाही. केवढा निःस्वार्थी माणूस, असं मला तेव्हाही वाटलं असेल.

आम्ही कोर्टातून रोजनाम्याच्या नकला मागवल्या. रोजनामा म्हणजे कोणत्या तारखेला काय झालं याची नोंद. त्यात दर तारखेपुढे एकच मजकूर होता: "आरोपी क्र. १ व २ तर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर." मी टिपणी लिहिली, "विलंबास कर्मचारी स्वतः जबाबदार असल्याचे दिसून येते." साहेबांनी सही केली, नकाराचं पत्र गेलं. मला त्या टिपणीचा अभिमान वाटला होता. भाषा स्वच्छ होती.

आठवड्याने अलकाबाई एसटीने नगरला आल्या. पिशवीतून त्यांनी ते पत्र काढलं आणि त्याच्याखाली जाडजूड झेरॉक्सचा गठ्ठा.

"मॅडम, हे इलंबास जबाबदार म्हंजी काय ओ?"

"उशीर तुमच्यामुळे झाला, असं."

"म्हनूनच आनलंय बघा." त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. ती त्यांच्या हजेरीपटाची पानं होती, सगळ्या वर्षांची. "मी एक दिस बी उशिरा न्हाई आले. पावसात न्हाई, पोराच्या लग्नाच्या दुसऱ्या दिशी न्हाई. बघा ना तुमी. ह्ये कुनी लिवलं?"

मी लिहिलं होतं. मी म्हणाले, "बसा आधी." आमच्याकडे शिपायांना बसायला कोणी सांगत नसे, त्यामुळे त्या उभ्याच राहिल्या. मग मीही उभी राहिले आणि रोजनामा काढून दाखवला.

"कोर्टातल्या तारखा तुमच्या वकिलांनी पुढे ढकलून घेतल्या आहेत. दोघांच्या नावाने. तुम्हाला माहीत नाही?"

"मी दर तारकंला जाते. वकीलसाहेब म्हनत्यात, हितं सई करा, पुडची तारीख पडली. मला वाटलं जजसाहेब पाडत्यात."

"शेटे काय म्हणतात?"

"ते म्हनत्यात, अलकाबाई, कोर्टाचं काम सावकाशच आसतंय."

मी खुर्चीवर बसले तेव्हा मला सगळं एकदम दिसलं, आणि इतकी वर्षं ते न दिसायला किती मेहनत लागली असेल तेही कळलं. शेट्यांना बढती नकोच होती. बढती म्हणजे बदली, आणि वरिष्ठ लिपिकाच्या रिकाम्या जागा होत्या आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, पावसाच्या डोंगराकडे. नको म्हणून लिहून द्यावं, तर वर्षं भरली म्हणून मिळालेली वरची वेतनश्रेणी काढून घेतात. पण खटला चालू असेल तर कोणी बढती देतच नाही, म्हणजे नको म्हणायचा प्रश्नच येत नाही. श्रेणी राहते, गाव राहतं, दुकान राहतं, शिवाय अन्याय झाला म्हणून चार लोक हळहळतात ते वेगळं. आरोपी राहण्यात इतका फायदा असतो हे मला आस्थापनेत आयुष्य घालवूनही सुचलं नव्हतं.

पुढच्या मासिक बैठकीला शेटे आले, नेहमीप्रमाणे पेढ्यांचा पुडा घेऊन. मी पुडा न उघडता रोजनामा त्यांच्यापुढे ठेवला. ते हसले. हसरेच होते.

"मॅडम, तुमच्यापासून काय लपवायचं? हे वय आहे का माझं अकोल्याला जाऊन छत्री वाळवत बसायचं?"

"आणि अलकाबाई?"

"त्यांचं काय नुकसान आहे? शिपायाला साठपर्यंत नोकरी, लिपिकाला अठ्ठावन्नपर्यंत. मी तर त्यांची दोन वर्षं वाचवतोय."

हिशेब बरोबर होता. म्हणूनच मला त्या माणसाचा एवढा राग आला असावा. मी म्हणाले, "ते त्यांनी ठरवायचं ना, भाऊसाहेब?" त्यावर ते "पेढे ताजे आहेत" म्हणाले आणि गेले.

महिलांना सरकारकडून मोफत वकील मिळतो, हे मी अलकाबाईंना सांगितलं. हे मी पहिल्याच वर्षी सांगू शकले असते. माझ्या टेबलाच्या काचेखाली त्याचं माहितीपत्रक होतं, वर्षानुवर्षं त्यावर चहाचा कप ठेवत होते. अलकाबाईंनी अर्ज केला आणि एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिल्याच तारखेला लिहून दिलं की आरोपी क्रमांक दोनला मुदत नको, खटला चालवा.

शेटे दुकान टाकून अलकाबाईंना समजवायला गेले. दोघांचं एकत्र राहिलं तर दोघांचं भलं, वगैरे. अलकाबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, त्या दिशी दारात मी हुबी हुते. तुमी दुकानात हुते. आता कोर्टात बी मीच हुबी ऱ्हाते, तुमी जावा दुकानात."

बबनरावांची साक्ष झाली तो दिवस अलकाबाईंनी मला नंतर जसाच्या तसा सांगितला. वकीलबाईंनी विचारलं, खोलीचं दार कोणी लावलं? बबनराव म्हणाले, दार नव्हतं. मग बाहेर का नाही आलात? बाई दारात उभ्या होत्या. कुठल्या दारात? बबनराव थांबले आणि म्हणाले, दाराच्या जागेत. तुमच्या हातात काय होतं? रजिस्टर. ते कोणाचं? सरकारचं. बाईंच्या हातात काय होतं? झाडू. तो कोणाचा? बबनराव वैतागून म्हणाले, तो पण सरकारचाच. "जजसाहेब तोंडावर कागद धरून हसत हुते," अलकाबाई म्हणाल्या.

काही महिन्यांत निकाल लागला. दोघेही निर्दोष. अपिलाची मुदतही निघून गेली. बबनरावांना एव्हाना दाखला मिळालेला होता आणि अलकाबाई कोण हेही आठवत नव्हतं.

मग पाकिटं फोडायचा दिवस आला. साहेबांच्या केबिनमध्ये शेट्यांची चार आणि अलकाबाईंची चार अशी आठ पाकिटं टेबलावर मांडली. आधी शेट्यांची फोडली. चारही वर्षं पात्र. साहेबांनी लगेच अकोल्याची रिकामी जागा बघितली.

नंतर अलकाबाईंचं पहिलं फोडलं. साहेबांनी वाचलं आणि कागद माझ्याकडे दिला. लिहिलं होतं, "एका वर्षाचा गोपनीय अहवाल उपलब्ध नसल्याने तूर्त अपात्र." दुसरं फोडलं. "मागील बैठकीप्रमाणे." तिसरं, "मागील बैठकीप्रमाणे." चौथ्यात तर नुसतंच "वरीलप्रमाणे" होतं, आणि त्या कागदावर वर काहीही नव्हतं.

गोपनीय अहवाल म्हणजे कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामाचा साहेबांनी लिहिलेला शेरा. तो समितीपुढे ठेवायचं काम माझ्या शाखेचं. उघड्या यादीत ही त्रुटी निघाली असती, तर दुसऱ्या दिवशी आम्हाला कळलं असतं आणि संध्याकाळपर्यंत कागद सापडला असता. पण ती पाकिटात गेली, आणि वर मी अशी नीट लाख लावली की चार वर्षं कोणाला दिसली नाही.

मी सांगितलं, मला दोन दिवस द्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी अहवाल सापडला, संगमनेरच्या आशा खंडागळे यांच्या फायलीत. अहवालाच्या पाकिटावर "अ. खंडागळे" लिहिलेलं, आमच्यापैकी कोणीतरी काना जोडून वाचलं. शेरा होता, "अत्यंत वक्तशीर." मी तो कागद तिथून काढून अलकाबाईंच्या फायलीत लावला.

मग टिपणी लिहिली. "सदर त्रुटी आस्थापना शाखेच्या चुकीमुळे झाली असून कर्मचाऱ्याचा त्यात दोष नाही." साहेबांनी वाचली आणि चष्मा काढला.

"मॅडम, चूक हा शब्द कशाला? अनवधानाने लिहा. नाहीतर तांत्रिक कारणास्तव."

"तांत्रिक कारणाचं नाव विचारलं तर?"

"कोणी विचारत नाही हो. तुमचे चार महिने राहिलेत. तुम्हालाच नोटीस काढावी लागेल मला."

"काढा," मी म्हणाले. "टाईप करून मीच देते, शाखेत दुसऱ्या कोणाला मसुदा नीट जमत नाही."

आणि खरंच, स्वतःला बजावायच्या नोटिशीचा मसुदा मीच केला. उत्तरही मीच दिलं. पूर्ण सेवेत माझ्या सेवापुस्तकात एकच लेखी ताकीद आहे, ती ही. निरोप समारंभात तिचा उल्लेख झाला नाही, पारखी नजरेचा झाला.

फेरसमिती बसली, अलकाबाई पात्र ठरल्या. आदेश निघाला तेव्हा त्यांना सत्तावन्न पूर्ण होऊन चार महिने झाले होते. आदेश देण्याआधी मी त्यांना बोलावून घेतलं आणि शेट्यांनी मांडला होता तोच हिशेब मांडला. मला तो मांडताना लाज वाटली, पण न सांगणं त्याहून वाईट झालं असतं.

"लिपिक झालात की अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी. म्हणजे आठ महिने. शिपाई राहिलात तर अजून अडीच वर्षांच्या वर नोकरी आहे. विचार करा, नको असेल तर तसं लिहून द्या."

"मॅडम, पानी भरून भरून लई झालं. आठ महिने तर आठ महिने. कुठं सई करू?"

मी तयार ठेवलेल्या दोन कागदांपैकी एक त्यांच्यापुढे सरकवला आणि दुसरा फाडला.

शेटे अकोल्याला रुजू झाले. पहिल्या महिन्यात त्यांनी आजारपणाचे तीन अर्ज पाठवले, तिन्ही माझ्याच टेबलावर आले. त्यांची शिंगणापूरची जागा रिकामी झाली आणि ती अलकाबाईंना मिळाली.

मी निवृत्त झाल्यावर एका शनिवारी शिंगणापूरला गेले. दर्शनाला म्हणून निघाले होते, पण आधी कार्यालयात शिरले. अलकाबाई टेबलामागे बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, पुढ्यात रजिस्टर. मला बघून उठायला लागल्या. मी हातानेच बसा म्हणून खूण केली आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसले.

तेवढ्यात एक तरुण शेतकरी कागद घेऊन आला. अलकाबाईंनी तो घेतला, सावकाश वाचला, उलटा करून पाठ बघितली, पुन्हा सुलटा केला. मग खुर्चीला पाठ टेकवून म्हणाल्या,

"उद्या या."

तो मान हलवून निघाला. एवढा खटाटोप करून आम्ही आणखी एक कारकूनच तयार केला, असं मनात आलं. तो पडद्यापर्यंत गेला असेल नसेल, अलकाबाईंनी हाक मारली.

"ओ दादा, थांबा थांबा. या हिकडं. आत्ताच देते करून." आणि माझ्याकडे बघून पदर तोंडावर धरून हसल्या. "मॅडम, एकदा म्हनून बघायचं हुतं."